चव आहे तोवर शेपूट वर

एका जंगलात, म्हणजे आपल्या नेहमीच्याच जंगलात, एक शाळा होती. जंगल नक्की कुठे आहे असं विचारू नका, मुलांनो. बोधकथेत पत्ता देत नसतात. पत्ता दिला की लोक चौकशीला जातात आणि गोष्ट सांगणाऱ्याची पंचाईत होते.

आणि तात्पर्य शेवटी आहे. आत्ताच खाली डोकावून बघू नका. मी स्वतः अजून ते ठरवलेलं नाही.

तर, शाळा उंबराखाली भरायची. मोठ्या बाई होत्या लांडोरबाई. रोज सकाळी परिपाठ व्हायचा. आधी प्रार्थना, मग सुविचार, मग बातम्या आणि शेवटी बोधकथा. बोधकथा सांगायला यायचे आबा.

आबा म्हणजे दिगंबर गवा. अंगाने अवाढव्य, शिंगांनी भारदस्त, आणि आवाज असा की मागच्या रांगेत झोपलेल्या सशालाही जाग यावी. आबांची प्रत्येक गोष्ट 'एका जंगलात' अशी सुरू व्हायची आणि तात्पर्यावर संपायची. मधे काय असेल ते असो, तात्पर्य चुकायचं नाही. वाटेत कोणाला ठेच लागली तरी आबा थांबून तात्पर्य सांगायचे. ठेच लागलेला लंगडत निघून जायचा आणि आबा बोलत राहायचे. आमच्या धंद्यात हे असंच चालतं, त्यात विशेष काही नाही.

घरी मात्र आबांचं कोणी ऐकत नसे. मुलगे शिंगं फुटताच दुसऱ्या कळपात गेले. बायको यमुनाबाई स्वभावाने चांगली, पण आबांनी 'तात्पर्य' म्हटलं की ती पाणवठ्याकडे चालू लागायची. एक बाई दिवसभरात पाणी तरी किती पिणार? तेव्हा आबांचं ऐकून घेणारी जागा जगात एकच उरली होती, उंबराखालचा दगड. त्या दगडाशेजारी उभं राहिलं की आबांना आपण अजून कोणीतरी आहोत असं वाटायचं.

एके दिवशी परिपाठ संपल्यावर मोठ्या बाईंनी त्यांना बाजूला बोलावलं.

"आबा, परिपाठ फार लांबतो हो. पालकांच्या तक्रारी आहेत."

"माझी गोष्ट लांबते का?"

"गोष्ट नाही लांबत. तात्पर्य लांबतं." बाईंनी मान वळवली. "पुढच्या सत्रापासून त्या जागी स्पोकन इंग्लिश घ्यायचं म्हणतेय. पोपटसर तयार आहेत."

पोपटसर वरच्या फांदीवर बसलेच होते. ते म्हणाले, "गुड मॉर्निंग." तेव्हा दुपार झाली होती, पण सरांचा अभ्यासक्रम तिथपर्यंतच आला होता.

आबांनी वळून आपल्या दगडाकडे बघितलं. बाईंना त्यांची दया आली असावी. त्या म्हणाल्या, "आता विज्ञान प्रदर्शन आहे. मोठ्या जंगलातून परीक्षक येणार आहेत. शाळेचं नाव होईल असं तुमच्या हातून काही झालं, तर बघू."

आता एका गव्याने विज्ञानात काय नाव काढायचं? आबा उंबराखाली बसून रवंथ करत विचार करू लागले. आणि मुलांनो, विज्ञान आपल्या पायांनी चालत त्यांच्याकडे आलं. खरं तर उड्या मारत आलं, कारण ती सुंदा माकडीण होती. तिच्या मागून दामू आला. दामू म्हणजे अस्वलाचं पोर.

जंगलाच्या कडेने एक रस्ता गेला होता. माणसं गाड्यांतून जंगल बघायला यायची, काही न बघता परत जायची, आणि जाताना खाऊची पाकिटं टाकून जायची. त्यात सुंदाला च्युइंगम सापडलं होतं. तीन प्रकारचं होतं. एक पुदिन्याचं, एक संत्र्याचं, आणि एक निळं. ते निळं कशाचं होतं ते कोणालाच सांगता आलं नाही, ते नुसतंच निळं होतं.

"आबा, आम्हाला प्रयोग करायचाय," सुंदा म्हणाली. "कुठल्या गमची चव सगळ्यात जास्त वेळ टिकते ते शोधायचंय. पण चघळायला कोणी मिळत नाही."

"तू का नाही चघळत?"

सुंदाने गाल फुगवून दाखवला. माकडांच्या गालात पिशव्या असतात. तोंडात काही टाकलं की ते आधी पिशवीत जाऊन बसतं, मग जिभेला चव कुठली लागणार?

"आणि दामू?"

"दामूने मोजायच्या आतच पुष्कळसं कागदासकट खाल्लं."

दामूने खाली बघितलं. सुंदा पुढे म्हणाली, "सगळे म्हणतात, या जंगलात आबांइतकं कोणी चघळत नाही."

हे ऐकून आबांची छाती फुगली. एवढी वर्षं लोक आपल्या बोलण्याकडे बघत होते, जबड्याकडे कोणाचं लक्षच गेलं नव्हतं. आता विज्ञानाला या जबड्याची गरज पडली होती. स्पोकन इंग्लिश आपोआप मागे पडणार होतं. आबा लगेच हो म्हणाले.

सुंदाने प्रयोग फार व्यवस्थित आखला होता. चघळणारा एकच, म्हणजे तोंडातोंडातला फरक नको. रोज एकच गम. जमिनीत एक काठी रोवायची आणि तिची सावली सरकेल तिथे खुणा करायच्या. चघळताना आबांनी बोलायचं नाही, कारण आबा बोलायला लागले की प्रयोग संपेल याची खात्री नव्हती. म्हणून खूण ठरली ती शेपटीची. चव आहे तोवर शेपूट वर धरायचं आणि चव गेली की खाली सोडायचं.

पहिल्या दिवशी पुदिन्याचं गम होतं. आबांनी ते तोंडात घेतलं. एकदम गार वारा नाकातून डोक्यात गेला. आबांनी शेपूट वर केलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

आता इथे तुम्हाला एक गोष्ट माहीत हवी. गवा जेवतो कसा? आधी सगळं भराभर गिळतो, मग निवांत बसून तेच पुन्हा तोंडात आणून चावत राहतो. याला रवंथ म्हणतात. माणसांत याला 'आमच्या वेळी' असं म्हणतात.

आबांनी ते गम दोनदा चावलं आणि नेहमीच्या सवयीने गिळलं. गिळलं हे त्यांना कळलंसुद्धा नाही. लगेच आतून सकाळचं गवत वर आलं आणि जबडा चालू राहिला. जबडा हलत होता म्हणजे आबांच्या दृष्टीने प्रयोग चालू होता.

काठीची सावली सरकली. आबांनी जिभेवर चव शोधली. काहीतरी होतं खरं. पुदिना नव्हता, पण पुदिना असू नये असंही काही नव्हतं. समोर सुंदा डोळे विस्फारून बसली होती, दामू श्वास रोखून बसला होता. एवढं मन लावून आबांकडे आजवर कोणी बघितलं नव्हतं. अशा वेळी शेपूट खाली सोडवतं का? तुम्हीच सांगा.

शेपूट वर राहिलं. दुपारी माश्या आल्या. एरवी आबांनी शेपटीच्या एका फटक्यात त्या हाकलल्या असत्या, पण शेपूट तर विज्ञानाच्या कामात अडकलेलं. माश्यांनी आबांच्या पाठीवर संसार थाटले. आबा हलले नाहीत. ऊन उतरलं आणि सुंदाच म्हणाली, "आबा, आता पुरे. आई ओरडेल."

"चव अजून आहे," आबा तोंड मिटूनच म्हणाले. "आता जरा खोल गेली आहे. सुरुवातीला थंडावा होता, आता मातीचा वास येतोय, आणि शेवटी शेवटी पावसाळी कुरणाची आठवण होते."

सुंदाने ते सगळं लक्षात ठेवलं. इतकं बारकाईने कोणी सांगितलं तर ते खोटं असेल असं वाटत नाही. मलाही वाटलं नसतं.

संत्र्याच्या दिवशीही तेच झालं. निळ्याच्या दिवशीही तेच झालं. निळ्याच्या चवीत आबांना दूरच्या डोंगराची करुणा जाणवली. मुलांनी झाडाच्या सालीवर मोठा तक्ता काढला. त्यात तीन पट्टे होते, तिन्ही सारखेच उंच, अगदी वरच्या कडेला टेकलेले. मोठ्या बाई तक्ता बघून हरखल्या. त्यांनी तो उंबराच्या खोडाला टांगला आणि वर लिहिलं, 'आमच्या शाळेत सिद्ध झाले की चव दिवसभर टिकते.' पोपटसर म्हणाले, "गुड मॉर्निंग," पण त्यांचा आवाज पडलेला होता.

आबा घरी गेले आणि यमुनाबाईला सगळं सांगितलं.

यमुनाबाईने विचारलं, "अहो, चघळून झाल्यावर ते थुंकलात कुठे?"

"थुंकलो म्हणजे?"

"ते गिळायचं नसतं म्हणे. रस्त्यावरची माणसं थुंकतात. तुम्ही गिळलं असणार."

"यमुने, हा विज्ञानाचा विषय आहे. तात्पर्य असं की..."

यमुनाबाई पाण्याला गेली. आबा रात्री आडवे झाले, पण पोटात काहीतरी चिकटून बसल्यासारखं वाटत होतं. त्यांनी ते अभिमानाच्या खाती टाकलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सुंदा आणि दामू आले. सुंदाचा चेहरा उतरला होता.

"आबा, दामू काहीतरी म्हणतोय."

दामू पुटपुटला, "एक गम मी नीट चघळून बघितलं होतं. कागद काढून. मोहाच्या झाडावर चढायला लागलो तेव्हा गोड होतं, आणि शेंड्याला पोचायच्या आत नुसतं रबर झालं. मी कोणाला बोललो नाही. म्हटलं, आबांना दिवसभर लागते, तर माझीच जीभ बिघडली असणार."

"असेल," आबा मायेने म्हणाले. "लहान आहेस अजून. जीभ घडावी लागते."

"आबा," सुंदा म्हणाली, "आत्ता काय चघळताय?"

"निळं. कालचंच. अजून चव आहे."

"तोंड उघडा."

आबांनी तोंड उघडलं. सुंदा शिंगाला धरून लोंबकळली आणि आत बघितलं. मग दामूने बघितलं. आत गवत होतं. हिरवंगार, नीट चावलेलं, नुसतं गवत.

"गम कुठाय?"

आबांनी जिभेने दात चाचपले, गाल चाचपले. मग त्यांना पोटात चिकटून बसलेलं ते आठवलं, आणि अभिमान पोटात असा चिकटत नसतो हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांचे कान खाली पडले.

"मुलांनो," ते म्हणाले, "यातलं तात्पर्य..."

"तात्पर्य नंतर सांगा. आधी सांगा, चव कधी गेली?"

आबांनी तोंडातलं गवत गिळलं. मग म्हणाले, "मला माहीत नाही, बाळ. बहुतेक लगेच गेली. तुम्ही एवढं बघत होतात, म्हणून मला वाटलं, असेल."

सुंदा रडली नाही, पण रडली असती तर बरं झालं असतं असा तिचा चेहरा झाला. "तक्त्यावर आमची नावं आहेत, आबा. उद्या परीक्षक येणार. आम्ही खोटा प्रयोग दाखवायचा का?"

"तू बाईंना सांग की."

"आमचं कोण ऐकणार? तुम्ही सांगा, परिपाठात. तुमचं सगळे ऐकतात." मग तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "पण सरळ सांगा. गोष्ट करू नका."

आबांना कळत होतं की हे सांगितलं की दगड गेला. गव्याचा जबडा म्हणून जी काय अब्रू होती तीही गेली. उद्यापासून त्या जागी पोपटसर गुड मॉर्निंग म्हणतील आणि आपण घरी यमुनेच्या पाठीमागे पाणवठ्यापर्यंत जाऊ. तरी सुंदाचा तो चेहरा काही डोळ्यांपुढून हलेना. आबा हट्टी होते, फुगलेले होते, पण वाईट नव्हते. सरळ सांगायचं असं त्यांनी ठरवलं.

सकाळी सगळी शाळा जमली. परीक्षक म्हणून आलेले सांबर पुढे बसले होते. प्रार्थना झाली, सुविचार झाला, बातम्या झाल्या. आबा दगडाशेजारी उभे राहिले. पहिल्या रांगेत सुंदा होती, तिच्या बाजूला दामू.

आबांनी तोंड उघडलं. "मी," ते म्हणाले.

आणि अडकले. मुलांनो, ज्या तोंडाने जन्मभर एकच सुरुवात केली, त्या तोंडाला दुसरी सुरुवात येत नाही. आबांनी पुन्हा प्रयत्न केला. "मी एका... एका जंगलात एक गवा होता."

सुंदाने डोळे मिटून घेतले.

एकदा तिथून सुरू झाल्यावर आबांना थांबता येईना. त्यांनी सगळं सांगितलं. गव्याने गम कसं गिळलं ते सांगितलं. पाठीवर माश्या बसल्या ते सांगितलं. निळ्या चवीतली डोंगराची करुणा सांगितली. काही म्हणजे काही लपवलं नाही. हरणं हसून हसून एकमेकांवर पडली. मागच्या रांगेतला ससा जागा होऊन शेजाऱ्याला विचारू लागला की सुरुवात काय होती. परीक्षक सांबरांनी डोळे पुसले. आबांनी इतकी छान गोष्ट कधी सांगितली नव्हती.

टाळ्या पडल्या. आबा घाबरले.

"अहो, हसू नका. तो गवा मीच आहे."

आणखी टाळ्या पडल्या. "स्वतःकडे कमीपणा घेतात बघा," परीक्षक म्हणाले. "याला मोठेपणा लागतो."

"तसं नाही हो. तक्ता खोटा आहे."

मोठ्या बाई उठल्या. "ऐकलंत, मुलांनो? तक्ता खोटा आहे. हे जग म्हणजे एक तक्ता आहे, आणि आबा म्हणतात तो खोटा आहे. किती मोठा विचार. सगळ्यांनी पाटीवर लिहून घ्या."

सगळ्यांनी लिहून घेतलं.

सुंदा उभी राहिली. "बाई, आबा खरंच सांगतायत. गम खरंच गिळलं त्यांनी."

"खाली बस, सुंदा," बाई प्रेमाने म्हणाल्या. "गोष्टीतलं खरं धरून चालायचं नसतं. त्यातून बोध घ्यायचा असतो."

सुंदा खाली बसली. तिने आबांकडे बघितलं नाही, आपल्या पायांकडे बघत राहिली. आबा आणखी काही बोलणार होते, पण टाळ्यांत त्यांचा तो एवढा मोठा आवाजही कोणाला ऐकू आला नाही.

मग काय झालं? जे व्हायचं तेच झालं. तक्त्याला पहिला क्रमांक मिळाला. तो मोठ्या जंगलात गेला आणि तिथल्या शाळांत आता शिकवतात की चव दिवसभर टिकते. बोधकथा बंद झाली नाही. उलट बाईंनी ती रोज दोनदा ठेवली, आणि स्पोकन इंग्लिश मधल्या सुट्टीत गेलं. दगडाभोवती शेणाने सारवून घेतलं. आबांना जे हवं होतं ते सगळं मिळालं.

बक्षिसाच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या रांगेत सुंदाची जागा रिकामी होती. दामूही नव्हता. आबांनी गोष्ट कशीबशी आटोपली आणि ते त्यांना शोधत निघाले.

दोघं रस्त्याच्या कडेला सापडले. सुंदाने तोंडात गम घातलं होतं, आणि ते गालाच्या पिशवीत जाऊ नये म्हणून दोन्ही हातांनी गाल दाबून धरले होते. तिचे डोळे बाहेर आले होते. दामू काठीच्या सावलीकडे बघत होता. त्याच्या पुढ्यात कागदासकट एक गम ठेवलेलं होतं, आणि त्याने ते खाल्लेलं नव्हतं.

"मी बसू का इथे?" आबांनी विचारलं.

सुंदाला बोलता येत नव्हतं. दामूने तिच्याकडे बघितलं, मग म्हणाला, "बसा आबा. पण काही सांगू नका."

आबा बसले. थोड्याच वेळात सुंदाने गाल सोडले आणि गम पानावर थुंकलं. "गेली," ती म्हणाली. दामूने सावलीवर खूण केली. ती खूण सुरुवातीच्या खुणेला जवळजवळ चिकटूनच होती.

आबांच्या घशात एक सुंदरसं तात्पर्य आलं होतं. त्यांनी ते गिळलं. पण ते गव्याचं पोट होतं, त्यामुळे ते थोड्या वेळाने पुन्हा वर आलं. आबांनी ते पुन्हा गिळलं, आणि संध्याकाळपर्यंत त्यांचं हेच चालू होतं.

तात्पर्य: मुलांनो, नेहमी खरं बोलावं, आणि ते बोधकथा करून बोलावं. म्हणजे सांगणाऱ्याचं मन हलकं होतं, ऐकणाऱ्यांची करमणूक होते, आणि खोट्या तक्त्याला काही धक्का लागत नाही. मी तरी आजवर असंच करत आलो आहे.